रफार

सदतीस वर्षं मी तिकिटं तपासली
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
पोस्टाची, कोर्टाची, रेव्हेन्यूची.
कडेचा एक दात कमी पडला
तर अख्खा ताव रद्द, दोघांची सही, आणि भट्टी.
गेटवर रोज अंगझडती.
कोरा कागदसुद्धा कधी बाहेर आणला नाही.

मग निवृत्त झालो आणि आमच्या खात्यातल्या माणसांवर
एक पुस्तक लिहिलं.
प्रकाशकानं कळवलं, छापू,
पण तीनशेतल्या दीडशे प्रती तुम्ही विकत घ्या.
म्हटलं, मग उरलेल्या दीडशेंनी काय घोडं मारलंय?

मेनरोडच्या सुमेधनं मजकूर
जुन्या फॉन्टातून नव्यात ओतला.
ओतताना रफार सांडले.
सगळे नाही. गर्दी तशीच राहिली, दर्प राहिला,
कर्जसुद्धा जागच्या जागी.
फक्त अर्पणपत्रिकेत
आईच्या डोक्यावरचा गेला
आणि पार्वतीची पावती झाली.

'कै. पावती दगडू गांगुर्डे हिला.'

जन्मभर लोकांचे ताव नापास करणाऱ्या मी
ते प्रूफ तीनदा वाचलं होतं.
तिन्ही वेळा मला पार्वतीच दिसली.

आता खोकी पलंगाखाली.
केर काढताना सरला म्हणते,
तुमचं साहित्य जरा सरकवा.
रोज रात्री मी दहा प्रती काढतो
आणि काळ्या पेनानं, व-च्या डोक्यावर,
पदर सारखा करावा तसा
एक रफार देतो.

फोन येतात. परवा एक बाई:
'सर, राज्यस्तरीय पुरस्कारासाठी आपली निवड झालीय,
ट्रॉफीसह साडेतीन हजार, फेटा वेगळा.'
विचारलं, पुस्तक वाचलंत?
म्हणाली, कुठलं?

शालिमारचा दुकानदार निम्मे मागतो.
उरलेले निम्मे विकल्यावर,
आणि विकलं की नाही ते तोच सांगणार.
ऑनलाइन दुकानात माझ्या शेजारी एक गृहस्थ आहेत,
त्यांची एकट्या श्रावणात चौदा पुस्तकं आली.
मुखपृष्ठावर बाई, तिच्या हाताला सहा बोटं.
आमच्याकडे असला ताव दुपारच्या आत भट्टीत जायचा.
त्यांना चारशे बारा जणांनी पाच तारे दिलेत.
मला एकानं. भाच्यानं.
त्याचंही बोट चारवरच थांबलं.

मग जेलरोडच्या कुठल्याशा ग्रुपवर
कुणीतरी माझी पीडीएफ टाकली.
सुमेध शपथा घेतो, मी नव्हे.
खाली एकेचाळीस अंगठे.
तेवढ्यांनी प्रत घेतली असती
तर बाइंडरचं देणं तरी फिटलं असतं.

आठवड्यानं एक निरोप आला.
ज्योत्स्ना बस्ते, परिचारिका, वणी.
'रात्रपाळीत मोबाईलवर वाचलं, फुकट. माफ करा.
तुमचा तो गोंद ढवळणारा भिका
आमच्या वॉर्डात येऊन बसल्यासारखा वाटला.
आणि आईंचं पावती हे नाव फार वेगळं आहे.
अर्थ काय हो त्याचा?'

दोन दिवस काही सुचेना.
काय लिहू? की तिनं कधी कशाची मागितली नाही?
शेवटी फक्त पत्ता मागवला,
एकशे सात नंबरची प्रत काढली,
पदर तपासला, आणि बांधली.

पोस्टात काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
काका, पुस्तकाचा तो स्वस्त रजिस्टरचा दर बंद झाला.
उजव्या कोपऱ्यात, सवयीनं,
तिकिटापुरती जागा मी मोकळी सोडली होती.
त्यानं तिथं बारकोड डकवला,
जरा तिरका.
पुस्तकाच्या निम्म्या किमतीचे पैसे घेतले.

'काका, पावती.'

घेतली.
गुळगुळीत कागद, उन्हात उडून जाईल अशी शाई,
कडेला दात नाहीत, मागं गोंद नाही.

पेन खिशातच होतं.