हाडानं करून दिलेली जागा

टार्टू, फेब्रुवारी. खिडकीखाली नदी गोठलेली.
हिल्या सारेपू, वय एकाहत्तर, हाप्सालूहून बसनं आलेली,
जाळीदार शाली विणणारी.
उजवा डोळा डाव्यापेक्षा चार मिलिमीटर पुढं.
नातीच्या वाढदिवसाचा फोटो बघून सून म्हणाली होती,
"आई, एकच डोळा का वटारलाय?"

आधी सोनोग्राफी.
मिटल्या पापणीवर थंड जेल, त्यावर माझा हात.
आवाज आत गेला, गोल काहीतरी चाचपून परत आला,
दाबलं की किंचित दबणारं.
पण खोबणीच्या टोकाशी आवाज मुका होतो,
आणि अलीकडचंही माझ्या मनगटाच्या भरवशावर.
हे तिला सांगितलं नाही.

मग सीटी. श्वास रोखून धरावा एवढाच वेळ.
मी कुरतडलेली कड शोधत होतो.
कड कुरतडलेली नव्हती.
हाड पातळ झालेलं, बाहेर झुकलेलं, गुळगुळीत.
भरल्या बाकावर लोक न बोलता सरकतात
तशी हाडानं जागा करून दिली होती,
वर्षानुवर्षं, कुणाला न सांगता.

एमआरआयआधी अंगठी निघेना.
साबण लावला, नर्स काड्रीनं पिरगाळली,
शेवटी माझ्या हातावर पडली, अजून गरम.
आत चाळीस मिनिटं ठोकाठोक.
दृष्टीची नस बाजूला रेटलेली, पण अखंड.
शिरेत औषध सोडलं:
पहिल्या मिनिटाला एक ठिपका,
तिसऱ्याला अर्धी गाठ,
दहाव्याला काठोकाठ.
घाईनं भरणाऱ्याची मला भीती वाटते.
ही सावकाश भरत होती.

"तिन्हींतलं खरं कुठलं?" तिनं विचारलं.
मी शब्द जुळवत होतो, तोवर तीच बोलली,
"शाल मी आधी उजेडात धरते,
मग ओली करून चौकटीवर ताणते,
मग या अंगठीतून ओढते.
उजेडाला न दिसलेली गाठ अंगठीला कळते.
तरी एखादा टाका निसटतोच, डॉक्टर."

ऑपरेशन गुरुवारी ठरलं.
ती गेल्यावर खिशात हात घातला, अंगठी तिथंच.
बर्फातून बसथांब्यापर्यंत धावलो, कोट न घालता.
तिनं अंगठी चिमटीत धरली,
डावा डोळा मिटला,
उजव्यानं बराच वेळ निरखली.
"अजून गोल दिसते," म्हणाली,
आणि बसमध्ये चढली.