रात्रीचा रकाना

रबाळ्याच्या रंग-कारखान्यातून भंगारात निघालेला थर्मामीटर,
दोन अंश जास्त दाखवतो म्हणून टाकलेला,
वडिलांनी घरी आणला,
ऐरोली गावातल्या आमच्या उत्तरेच्या भिंतीला
जाळ्याच्या दोऱ्याने बांधला
आणि पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं:
दुपारी अडीच. वजा दोन.

एकोणऐंशीचा एप्रिल. अडतीस.
शेरा: भिकूबाईच्या तीन कोंबड्या गेल्या.
सत्याऐंशी. साडेअडतीस.
शेरा: मिठागरात दुपारी उभं राहवत नाही. मीठ मात्र झकास.
अठ्ठ्याण्णव. पुन्हा अडतीस.
शेरा: पंखा घेतला, हप्ता ऐंशी रुपये.
मधल्या एका मेमध्ये आकडाच नाही,
नुसतं: घामोळं. सही करवत नाही.

दोन हजार नऊ. एकोणचाळीस आणि थोडं.
शेरा: उंबर तोडला. रस्ता रुंद.
त्याच्याखाली लाल पेनने, अक्षर जरा थरथरतं:
समोरच्या काचेच्या इमारतीतून ऊन उलटं येतं.
भिंत आता उत्तरेची राहिली नाही.

एकतीस वह्या.
गेल्या आठवड्यात माझ्या मुलाने, निहारने,
सगळे आकडे लॅपटॉपवर चढवले. रेघ निघाली.
रेघ चढते, पण कशी, तर
आजारी माणूस जिना चढतो तशी,
एक पायरी, मग थांबा, मग अर्धी खाली.
"दीड अंश," तो म्हणाला.
"एवढ्यासाठी आजोबा तीस वर्षं उन्हात उभे राहिले?"

मला उत्तर सुचेना.
अंग सांगत होतं एक, वही सांगत होती दुसरं,
आणि वही वडिलांच्या हातची.

मग हिराजीकाका आले, आमंत्रणपत्रिका द्यायला.
एक्क्याऐंशी वर्षांचे, पायाची कातडी अजून मिठाने चिरलेली.
रेघ बघितली, चष्मा पुसला, परत बघितली.
म्हणाले, "ऊन तवा पन व्हता, जल्ला मेला.
पन राती खारीवरशी वारा येवाचा गो.
मे महिन्यान पोरा पहाटं गोधरी मांगाची."

ते गेल्यावर मी वह्या पुन्हा काढल्या.
एकतीस वह्यांत रात्रीची एकही नोंद नाही.
वडील विसरले नव्हते.
रात्र ही घरातली वस्तू होती,
पाट्या-वरवंट्यासारखी, कोपऱ्यात असायचीच;
असल्या गोष्टीचा हिशेब कोण ठेवतो?

आता तिथेच चार मजली इमारत आहे, आम्ही तिसऱ्यावर.
थर्मामीटर गॅलरीत, दोरा नवा.
पहाटे तीनला उठते.
खाली गल्लीत एसीच्या पेट्या गरम वारा सोडत उभ्या,
मोजल्या, बेचाळीस. त्यातली एक आमची.
वॉचमन ओला पंचा डोक्यावर घेऊन
पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसलेला.
टाकीही कोमटच असणार.
खाडी आहे तिथेच आहे, टॉवरांच्या मागे.
वास येतो तिचा. वारा येत नाही.

मोबाइलच्या उजेडात वाचते: तेहतीस.
वजा दोन.
बत्तिसाव्या वहीत पट्टी धरून
अडीचच्या शेजारी एक रकाना आखते. अरुंद होतो,
वडिलांनी समासाला जागा कमी सोडायची सवय लावली.

निहार पाण्याला उठलेला. दारात उभा.
"एकतीस म्हणजे जास्त का?"
माहीत नाही, मी म्हणते.
जुळवून बघायला मागचं काहीच नाही.

तो थोडा वेळ काचेत वाकून बघतो,
पारा शोधतो, सापडत नाही त्याला चटकन.
मग म्हणतो, उद्या मला उठव.