फाटक

धंतोलीत डॉक्टर चांडकांनी
माझ्याच रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर
मेंदू काढला.
चित्रकला वाईट त्यांची, तो संत्र्याच्या फोडीसारखा दिसत होता.

मग बाण. एक कपाळामागून खोल आत,
दुसरा त्याहून आत,
तिसरा फिरून कपाळाशी.
"हा फेरा सगळ्यांच्याच डोक्यात असतो, कुंदाताई.
गॅस बंद केला का, असा निरोप निघतो,
इथे मध्ये एक फाटकवाला बसलेला असतो,
तो म्हणतो, पाहिलं ना एकदा, जा.
आणि फाटक पाडतो.
तुमचं फाटक पडत नाही."

झोपलाय का तो, मी विचारलं.
"जागाच आहे. त्याच्यापर्यंत खबर पोचत नसावी.
गोळीनं पोचते, बऱ्याच जणांची.
का पोचते, ते पक्कं अजून आम्हालाही माहीत नाही."
हे शेवटचं वाक्य मला आवडलं.

घरात आणखी कोणाला?
नाही, म्हणाले मी.
जिन्यापर्यंत गेले, परत आले,
दारातूनच सांगितलं : बाबांना.

बाबा अजनीला पॉइंट्समन.
कुलूप लावून तीनदा ओढायचे,
दहा पावलं जाऊन पुन्हा तीनदा.
एकदा तर ताटावरून उठून
गोळीबार चौकातून सायकल हाणत गेले, मे महिन्यात, भर दुपारी,
डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
रेल्वेनं त्यांना सर्टिफिकेट दिलं.
एकतीस वर्षं, एकही चूक नाही.
मला वीस मिलिग्रॅम.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड.
माझ्या बोटांच्या पेरांवर भेगा,
कूलरची टाकी मी हात धुऊन धुऊन रिकामी केलेली.
आईनं ताजबागेचा दोरा बांधला, कोराडीला नारळ बोलली,
आणि रात्री स्वतःशीच पुटपुटायची,
"मीच लहानपणी हिले खरकट्या हातावरून लय मारलं."

तिला सांगितलं, आई, तुझ्या मारण्यानं नाही झालं हे.
रक्तातून येतं म्हणतात, थोडंफार.
बापाकडून लेकीकडे, नाकासारखं.

कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ती बोलली नाही.
मग गॅस बंद करून म्हणाली,
"म्हणजे तो खरंच कुलूप पाहाले जाये?
मले वाटे, घरी राहाणंच टाळते."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
त्या रात्री पहिल्यांदा
तिनं त्यांच्याबद्दल बसून सांगितलं,
सायकलच्या घंटीबद्दल, डब्याच्या झाकणाबद्दल
(तेही तीनदा दाबायचे).

गोळीला दहा-बारा आठवडे लागतात म्हणे.
आज चौथा.
आज सकाळी त्या सर्टिफिकेटची काच पुसली.
एकदाच.
आता हे लिहिताना वाटतंय,
वरचा डावा कोपरा राहिला.