दोन पायांचा मुळा

बेसा रोडच्या मागच्या लेआउटमध्ये
दीड हजार फुटांचा प्लॉट.
घर उठलं, आणि उरली
मोरीमागची पट्टी, आठ बाय बारा.
इथे सांभार लावीन, मुळा लावीन,
असं मी निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केलं होतं,
हातात नारळ असताना.

पहिल्याच घावाला कुदळ
ठण्ण वाजून माघारी आली.
कोपरापर्यंत मुंग्या.
काळी माती वीतभर, तीही कुठून आणून पसरलेली.
खाली मुरूम, मग बिल्डरनं पुरलेल्या
विटा, टाइलांचे तुकडे, एक डावी चप्पल,
आणि त्याखाली दगड.

एकतीस वर्षं मी टपाल निवडलं
रेल्वे स्टेशनजवळच्या सॉर्टिंगमध्ये, रात्रपाळीला.
दगडही तसेच निवडायला बसलो :
मुठीएवढे वाफ्याच्या कडेला,
चपटे पायरीला,
डोक्याएवढे नळाखाली,
आणि ज्यांचं काहीच होणार नाही
ते भिंतीला लागून, वेगळा ढीग.
अशांवर आम्ही शिक्का मारायचो : पत्ता अपूर्ण.

"काय करून राहिले भाऊ?"
भिंतीवरून उईकेबाई.
पाचगावच्या खदानीत बारा वर्षं गिट्टी फोडलेली बाई,
माझी सब्बल धरायची पद्धत पाहून हसली.
आत आली. मोठ्या दगडावर हातोडीनं
दोनदा टकटक केली, कुणाचं दार वाजवावं तशी.
कान दिला.
तिसऱ्या घावाला दगड उघडला.
आत पोकळी, बोटभर,
पांढऱ्या खड्यांनी भरलेली, ओली.
"हे आमी मालकाले नाई दाखवत होतो," ती म्हणाली,
"लेकरायले खेळाले नेत होतो."

दिवाळीनंतर पेरलं.
सांभार उगवला विरळ,
पावसाळ्यातल्या शाळेच्या हजेरीसारखा.
वांग्याची तीन रोपं, त्यातलं एक गेलं.
मुळ्याचा पाला मात्र असा माजला की
सून म्हणाली, बाबा, आता बाजार बंद!

संक्रांतीला पहिला मुळा ओढला.
येईना.
उकिडवा बसून, टाच रोवून ओढला
तेव्हा आला तो, दोन पायांचा,
आणि पायांच्या बेचक्यात गच्च धरलेला
एक खडा, लिंबाएवढा,
माझ्या निवडीतून सुटलेला.

मुळा चिरला, मीठ लावलं,
वाटीभर भिंतीपलीकडे दिला.
खडा घेऊन त्या ढिगापाशी बराच वेळ उभा होतो.
अजून ठरलेलं नाही.
शर्टाच्या खिशात आहे;
वाफ्यावर वाकलो की
पूर्वी पेन घसरायचा, तसा
पुढे येतो.