मस्करा इनाम

सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात
माझ्याआधीच्या कुणा तलाठ्यानं
टाकानं कोरून ठेवलंय : मस्करा इनाम.
अकरा गुंठे. पोफळी, चार माड, बुजत आलेली विहीर.
मुरूडच्या अलीकडे, खाजणाच्या बांधाला लागून.

वारसनोंदीला रुकय्याबी उलडे आली,
एका हातात सुकटीच्या वासाचे कागद,
दुसऱ्यात नात.
'मस्करा म्हणजे काय लिहू मराठीत?'
'मस्कराच. मराठीच हाय ना तो?'

खांबेटे गुरुजी म्हणाले, संस्कृत.
मस्कर म्हणजे वेळू,
वेळूची काठी घेऊन हिंडतो तो मस्करी, भिक्षू.
काठी होती, भीक होती,
हसू मात्र त्यांनाही त्यात सापडेना.

हाफिज फकी म्हणाले, अरबी.
सीन, खे, रे.
या तीन अक्षरांतून थट्टा निघते
आणि त्याच तिघांतून निघते वेठ,
बिनमोल राबवून घेणं.
मस्खरा, ज्याला हसावं तो.
हसण्याचं ठिकाण म्हणा.

ठिकाण. मी पुन्हा रकाना पाहिला.
चतुःसीमा लिहिलेल्या होत्या.

गलबतातून उतरला असेल शब्द,
खजुराच्या करंड्यांमधून,
आमच्या दमट हवेत त्याचा 'ख' सर्दावून 'क' झाला असेल.
पुढे दरबारात त्याला 'खुश' चिकटलं
आणि खुशमस्कऱ्या हसवायचं विसरून
नुसती मान डोलवू लागला.
हे सगळं मला कार्यालयात बसून सुचलं.
रुकय्याबीनं सांगितलं ते निराळं होतं.

'सासऱ्याचा आजा. नकला करायचा.
एकदा मिठागरावरच्या वेठीची केली :
डोक्यावर पाटी, पाय असे,
तापल्या तव्यावरून चालल्यागत.
सरकार हसता हसता लोडावरून घसरले.
अकरा गुंठे तिथंच लिहून दिले.'

मग पदराचं टोक चावत :
'ती चाल त्याच्या भावाची होती.
सख्ख्या. त्या दिशी पण मिठातच होता तो.
इथला नारळ त्यांच्या घरात अजून फुटत नाय.'

नात तोवर माझ्या खिडकीच्या काचेत बघून
पापण्यांना मस्कारा लावत होती.
मग तिनं माझी नक्कल केली,
चष्मा वर, शिक्का फुंकणं, घसा खाकरणं,
हुबेहूब. मी हसलो.
हसताना खुर्ची करकरली
आणि एकदम गप्प झालो.

अर्थाची जागा कोरी ठेवून नोंद धरली.
हरकतीला पंधरा दिवस.
नोटीस चावडीच्या दारावर.

चौदाव्या दिवशी पलीकडच्या उलड्यांतला एक म्हातारा आला,
सायकल भिंतीला टेकवली,
एकेक अक्षर जुळवत वाचलं,
त्या शब्दावर बोट ठेवलं. बराच वेळ.
मी आतून त्याची पाठ पाहत होतो.
खांदे हलले.
हसला की काय,
पाठीवरून कळत नाही.