दोन अर्थ

तक्रार करायलाच गेलो होतो वर.
रात्रीचे अकरा, पायात सपाता,
आणि छतातून झिरपणारा तो एकच स्वर.
गाण्याचा नव्हे. गाणं मी सोसलं असतं.
गाण्याच्या खालचा. घूंऽऽ.
चाळीस वर्षं ग्दिन्याच्या गोदीत
जहाजांच्या पोटात तारा ओढल्या मी,
हा स्वर झोपेतही ओळखतो :
पन्नास हर्ट्झ. भिंतीतला.

यागोदानं दार उघडलं, गळ्यात गिटार.
"सहा रात्री झाल्या, ब्रुनोनकाका.
चार मिनिटांचं गाणं,
आणि त्यात ही माशी."

म्हटलं, तारांवर हात ठेव.
ठेवला. माशी बसली.
उचल.
उठली.
"म्हणजे ती तुझ्याच अंगावरून येतेय, पोरी."

मग चष्मा काढला खिशातून.
लॅपटॉपचा चार्जर उपटला, म्हटलं बॅटरीवर चालू दे.
बोळातला तो दिवा, ज्याचा उजेड बटण फिरवून कमी होतो,
तो उजेड कमी करत नाही,
प्रत्येक लाटेचा गळा चिरतो, सेकंदाला शंभरदा.
विझवला.
अ‍ॅम्प स्वयंपाकघरच्या सॉकेटात, रेकॉर्डिंगची पेटी झोपायच्या खोलीत,
म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा,
आणि दोन अर्थ निघाले की कुजबुज होणारच.
आणलं सगळं एका पट्टीवर.

"कुणीतरी म्हणालं, अर्थच तोडून टाक, आवाज जातो."
जातो की.
कधी कधी वाजवणाराही जातो.

सॉकेट उघडलं, बॅटरीच्या उजेडात बघितलं :
अ‍ॅल्युमिनियमच्या दोनच तारा,
अर्थची खुंटी शेजारच्या न्यूट्रलला बांधलेली,
लाज झाकायला.
ही इमारत उभी राहिली तेव्हा
तांबं घरांच्या वाट्याला यायचं नाही, जहाजांना जायचं.
ते जहाजांत मीच घातलं.
हे तिला सांगितलं नाही.
खाली जाऊन एक गुंडाळी घेऊन आलो,
तांब्याची पट्टी, चार बोटं रुंद,
निवृत्तीच्या दिवशी डब्यातून आणलेली.
(गोदी बुडाली ती यामुळे नव्हे.)

गिटारचं पोट उघडून आतून मढवलं.
डाग दिले. धूर नाकात गेला आणि
क्षणभर मी सव्वीस वर्षांचा, गुडघ्यांवर, कुठल्यातरी
नॉर्वेला निघालेल्या बोटीच्या तळाशी.

"आता स्टुलावर बस. हळूहळू फीर."
फिरली. भिंतीकडे घूं, कपाटाकडे घूंऽऽ,
खिडकीकडे, जिथून अजून दोन क्रेन दिसतात,
तिथे माशी इतकी बारीक झाली
की तिची कीव आली.
"हलू नकोस. इथेच बसून वाजवायचं."

कॉम्प्युटरात एक दारही असतं म्हणे,
स्वर थांबला की आपोआप मिटणारं.
तिनं लावून बघितलं होतं :
स्वर पुरता विझायच्या आत
त्याच्या तोंडावर आपटायचं.
नको, म्हणाली. मीही म्हटलं, नको.

शेवटी फ्रीज. त्यानं एकदा हुंदका दिला
आणि गप्प झाला. (आतली हेरिंग मासळी
दुसऱ्या दिवशी जिन्यातल्या मांजरांना गेली.)

तिनं हेडफोन लावले. बोट वर केलं.
बराच वेळ तसंच वर.
"अजून काहीतरी आहे, काका.
भिंतीतलं नाही. वर-खाली होतंय.
शिट्टीसारखं."

मी श्वास धरला.
"गेलं," ती म्हणाली, आणि मग
कानांवरचे हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं तिनं,
आणि दोघंही काही बोललो नाही.
गोदीचा रंग, वेल्डिंगचा धूर, पाइपांवरची ती पांढरी लोकर,
याला कुठली पट्टी मढवायची?

"बसा तुम्ही," ती म्हणाली. "राहू दे त्यात."
पण कामाला काम म्हणतात.
मी बाहेर आलो, दार अलगद ओढलं,
जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलो.
दिव्याचं बटण दाबलं नाही,
त्याचा टायमर गुणगुणतो, मला ठाऊक आहे.

आत पहिला स्वर लागला.
खालून कुणीतरी पिशव्या घेऊन येत होतं,
तिसऱ्या मजल्यावरची हालिना असावी, रात्रपाळीहून.
अंधारात तिचा हात बटणाकडे जाताना
मी ओठांवर बोट ठेवलं.
तिला दिसलं नसणार.