पुढच्या आठवड्यात या

तापकीर गल्लीतल्या पोराने माझी हार्ड डिस्क
कानाशी धरून हलवली,
नारळात पाणी आहे का बघावं तशी.
"ताई, चालली तर चालली," म्हणाला
आणि साडेचारशेची केबल दिली, पिशवीशिवाय.

बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
कुकर लावून मी ती जोडली.
जरा कुरकुरली. मग उघडत गेलं एकेक:
गेम
गेम_नवा
गेम_नवा_खरा
गेम_आता_नक्की_शेवटचा.
तारीख दोन हजार सहा, फेब्रुवारी,
वेळ रात्रीचे पावणेतीन.

तेव्हा बी.कॉम.चं शेवटचं वर्ष.
आई दारातून विचारायची, अजून काय चाललंय?
मी म्हणायचे, रांगोळी.
खोटं नव्हतं ते फारसं.
सोळा ठिपके आडवे, सोळा उभे,
त्यात गवत, त्यात विहीर, त्यात कुत्रा.
रंगही सोळाच. काळा कुंपणात संपला
म्हणून माझ्या नायिकेचे केस निळे.

संगीत अन्वर तांबोळीचं.
क्वार्टर गेटच्या घरी, बहिणीच्या कॅसिओवर,
वडील उठू नयेत म्हणून स्पीकरवर उशी ठेवून
त्याने लढाईची धून रेकॉर्ड केली.
त्यामुळे आमची सगळी युद्धं
शेजारच्या घरात चालल्यासारखी ऐकू येतात.

गेम सुरू झाला. नाव टाका, म्हणाला.
मी माहेरचं टाकलं. तेवढंच मावत होतं.

निळ्या केसांची ती गावातून चालत निघाली.
तेलीण तेच बोलली, जे तेव्हा बोलायची.
नदी चार चित्रांत हलत होती,
मुठेपेक्षा जास्तच.
आणि काठावर गवंडी, तोंड दक्षिणेला.
मी बटण दाबलं.
"पूल अजून व्हायचाय. पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात मी तो काढणार होते खरंच.
मग परीक्षा आली,
मग पतसंस्था, मुकुंदनगर शाखा, मार्चअखेर,
दर वर्षी मार्चअखेर,
सासूबाईंचं डायलिसिस, मंगळवार आणि शनिवार,
रोहिणीची शाळा, तिचे दात, तिची सायकल.
एवढ्यात गवंडी जागचा हलला नाही.
त्याला चालायला मी शिकवलंच नव्हतं.

आत, यंत्राच्या पोटात, सापडलं:
स्विच सत्तेचाळीस. पूल झाला. बंद.
आणि खाली माझीच सूचना, मलाच:
इथे काहीतरी भारी घडायला हवं.

अन्वरला फोन लावला. तो मिरजेला असतो,
सोलर हीटर बसवतो.
गेम? कुठला गेम?
बराच वेळ गाड्यांचे हॉर्न.
मग म्हणाला, गेम नाही आठवत. उशी आठवते.
तिच्यावर मोर होते.

स्विच चालू करायला एक टिचकी पुरते.
करून पाहिली.
गवंडी नाहीसा झाला, वाट मोकळी,
आणि ती पोर सरळ पाण्यावर चालत गेली
पडद्याच्या काळ्या कडेपर्यंत,
जिथे मी जगच काढलं नव्हतं.
घाईघाईने बंद केला.

मग चष्मा पुसून
एक दगड काढायला बसले. एकच.
बोटं विसरली होती. पहिला दगड
बटाट्यासारखा झाला, दुसरा दाताच्या दाढेसारखा.
तिसऱ्यावर डाव्या अंगाने ऊन पडलं
तोवर कुकरच्या किती झाल्या ते मोजलंच नव्हतं,
वरणाचा वास लागला आणि रोहिणी ओरडली.

जेवणं झाल्यावर दगड नदीत ठेवला.
ती एक घर पुढे गेली. थांबली.
पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी हलत राहिलं.

झोपण्याआधी गवंड्याचं वाक्य उघडलं.
पुढच्या आठवड्यात, हे खोडलं.
गुरुवारी या, असं लिहिलं.
मग आठवलं, गुरुवारी आमच्याकडे लाइट जातात,
सकाळी गेले तर संध्याकाळपर्यंत पत्ता नसतो.
ते खोडून
शुक्रवारी केलं.